अस्वलाला टोपी कोणी घातली

वयाच्या विसाव्या वर्षी मी दादरला माकडांना चड्ड्या घालण्याची नोकरी करत होते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग माझ्या तब्येतीची चौकशी करतात. म्हणून नीट सांगते.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. आम्ही गिरगावात फणसवाडीत राहत होतो. वडील एका बोट कंपनीत कारकून होते. मी चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या, हातही बरा होता. पण मुलीच्या हाताने काय करावं याबद्दल आमच्या घरात एकच मत होतं आणि ते पोळ्यांच्या बाजूचं होतं. तेवढ्यात आईच्या ओळखीच्या एका बाईंनी दादरच्या एका गृहस्थांबद्दल सांगितलं. ते कार्टूनच्या फिल्म काढतात आणि त्यांना चित्र गिरवणारी मुलगी हवी आहे. वडिलांना वाटलं, कार्टून म्हणजे वर्तमानपत्रात येतं ते, म्हणजे सुशिक्षित माणसांचं काम. त्यांनी हो म्हटलं. खरं काय ते त्यांना कळेपर्यंत मला पहिला पगार मिळून गेला होता.

आमचा स्टुडिओ म्हणजे पिठाच्या गिरणीवरची एक लांबट खोली. गृहस्थांना आम्ही दादा म्हणत असू. पन्नाशीचे, टक्कल पडलेले, अतिशय सौम्य. परदेशी कार्टूनच्या फिल्मचे तुकडे कुठून कुठून मिळवून, ते भिंगाखाली धरून हे शास्त्र ते स्वतःच शिकले होते. माकड मान कशी वळवतं हे आम्हाला दाखवायला ते टेबलावर उकिडवे बसत आणि खालून दळणाला आलेल्या बायका जिन्यात थांबून बघत. दादा पेन्सिलीने चित्रं काढायचे. मी ती सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावांवर शाईने गिरवायची आणि ताव उलटा करून मागून रंग भरायची. रंग म्हणजे पांढरा, काळा आणि मधले करडे, कारण रंगीत फिल्म आम्हाला परवडणारी नव्हती. गिरणी चालू झाली की आमची जमीन थरथरायची आणि कॅमेराही थरथरायचा, म्हणून शूटिंग गिरणीवाला जेवायला बसला की सुरू. तावांवर पिठाचा थर बसायचा तो वेगळाच. आमच्या पहिल्या कामात सगळ्या प्राण्यांवर बर्फ पडतोय असं दिसत होतं.

तिसरा माणूस डिलाईल रोडच्या चाळीतला होता. त्याचे वडील कापडगिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे. हा आधी सिनेमाचे बोर्ड रंगवायचा आणि आता आमच्याकडे सीनरी, म्हणजे प्राण्यांच्या मागची झाडं, डोंगर, आभाळ काढायचा. त्यांच्या घराने नुकतीच बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. भिंतीवरच्या जुन्या तसबिरी काढल्या तिथे चौकोनी डाग राहिले होते. तो मला म्हणाला, “बरं झालं, सीनरीला जागा झाली.” माझ्याशी तो तेव्हा अहो-जाहो करूनच बोलायचा, पण चेष्टा मात्र अरे-तुरेतल्यासारखी करायचा.

दादांनी एक छोटी फिल्म मनावर घेतली. गोष्ट साधी होती. फणसाच्या झाडावर माकडांचा कळप राहतो. एक दांडगं अस्वल येतं, काठीने त्यांना झोडपतं, हुसकून लावतं आणि झाडावर जाऊन बसतं. माकडं युक्ती करून वरून त्याच्या डोक्यात फणस टाकतात. अस्वलाला टेंगूळ येतं, ते वाढत वाढत फुग्याएवढं होतं, अस्वल भोकाड पसरतं, माकडांना दया येते आणि शेवटी सगळी मिळून गरे खातात. एवढंच. दादांच्या मनात यापलीकडे काही नव्हतं. ते राजकारणाला घाबरायचे. रस्त्यावर मोर्चा आला की ते खाली उतरून गिरणीवाल्याच्या मागे उभे राहत आणि “आमचं दळण झालं का हो?” असं विचारत. त्यांचं दळण नसे.

शाळाशाळांतून मुलांना चांगले चित्रपट दाखवणारं एक मंडळ तेव्हा होतं. त्यांनी फिल्म पसंत केली तर ती सगळीकडे जाणार होती. म्हणून पुरी झाल्यावर आम्ही तिघं फिल्मचा डबा घेऊन ठाकूरद्वारला मंडळाच्या हॉलमध्ये गेलो. दादांना एकट्याने बोलायची धास्ती होती, म्हणून आम्हाला बरोबर घेतलं होतं. अध्यक्ष एका शाळेचे निवृत्त हेडमास्तर होते. बाजूला तीन गृहस्थ, आणि एक समाजसेविका बाई. गृहस्थांच्या पांढऱ्या टोप्या खुंट्यांवर ओळीने टांगलेल्या होत्या. पडद्यावर फिल्म चालू झाली. टेंगूळ फुग्याएवढं झालं तेव्हाही कोणी हसलं नाही. अशी शांतता मी पूर्वी फक्त परीक्षेच्या हॉलमध्ये अनुभवली होती.

दिवे लागले.

“चित्रं सुबक आहेत,” अध्यक्ष म्हणाले. “पण ही माकडं नागडी आहेत.”

दादा गोंधळले. “माकडं आहेत ना, सर.”

“ते दिसलं आम्हाला. पण ती दोन पायांवर चालतात. शिवाय बोलतात. जो दोन पायांवर चालतो आणि बोलतो, त्याने काहीतरी नेसायला हवं.”

“मग चार पायांवर चालवू का?” दादांनी विचारलं. ते खरंच विचारत होते.

“नको,” बाई घाईने म्हणाल्या. “मग पाठमोरं झाल्यावर जास्तच दिसेल.”

बाईंनी फिल्मभर डोळ्यांपुढे पदर धरला होता. तरी कुठलं माकड कुठे पाठमोरं झालं ते त्यांना एकूणएक ठाऊक होतं.

मग माकडीण निघाली. ती फांदीवर बसून पिल्लाला पाजत होती. पदर नसलेली माकडीण पिल्लाला पाजते हे शाळेतल्या मुलांना कसं दाखवायचं? एका गृहस्थांनी सुचवलं की पिल्लूच काढून टाका. बाईंचं मन त्याला तयार होईना, आईपण पवित्र असतं. शेवटी बाईंनीच तोड काढली. माकडिणीने पिल्लाला चांदीच्या बोंडल्याने दूध पाजावं.

“झाडावर बोंडलं कुठून येणार?” मी विचारलं.

“माहेरून,” डिलाईल रोडवाला माझ्या कानाशी पुटपुटला. मला खोकल्याचा आव आणावा लागला.

नंतर अस्वल. दादा म्हणाले, “त्याला केस आहेत, सर. अंगभर.”

“केस म्हणजे कपडे नव्हेत.” अध्यक्षांचा हा मुद्दा तसा बिनतोड होता. “आणि हे अस्वल पोक्त दिसतं. चड्डी शोभणार नाही. धोतर नेसवा. वर लांब कोट.”

“आणि डोकं उघडंच का?” बाई म्हणाल्या. “वडीलधारं आहे ते.”

“टोपी घाला मग.”

“कसली टोपी?” दादांनी विचारलं.

“साधी हो. आपली पांढरी.” अध्यक्षांनी मागे न बघता खुंटीकडे बोट केलं.

मी डिलाईल रोडवाल्याकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

हिंसेचा विषय सगळ्यांत लांबला. फणस डोक्यात घालणं ही हिंसा ठरली. टेंगूळ हा हिंसेचा पुरावा ठरला. अस्वलाची काठी माकडाला लागताना तर मुळीच दाखवायची नाही, मुलांच्या मनावर परिणाम होतो. तेव्हा मात्र डिलाईल रोडवाल्याला राहवलं नाही. तो म्हणाला, “सर, आमच्याकडच्या पोरांनी रस्त्यावर गोळीबार बघितलाय. आमच्या शेजारचा मुलगा गेला त्यात. फणसाने आता त्यांचं काय बिघडायचं राहिलंय?”

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. “तो कायदा आणि सुव्यवस्थेचा प्रश्न आहे,” ते शांतपणे म्हणाले. “हा संस्कारांचा आहे.”

गोळीबार आमच्या गिरगावातही झाला होता. वाडीच्या तोंडाशी एका भिंतीला पडलेलं भोक बघायला आम्ही सगळे गेलो होतो. मी ते बोलले नाही.

ठरलं ते असं. काठी उगारलेली चालेल, लागलेली नको. उगारली की लगेच झाड दाखवायचं, आणि पुन्हा खाली येऊ तेव्हा माकडं जमिनीवर पडलेली. “पडलेली म्हणजे?” दादांनी विचारलं. “झोपलेली,” बाई म्हणाल्या. “डोळे मिटून, छान शांत झोपलेली.” पुढे उठल्यावर त्यांनी फणस टाकायचा नाही. झाडाखाली ओळीने बसून, हात जोडून अस्वलाला विनंती करायची. आणि शेवटी गऱ्यांची झोंबाझोंबी शिस्तीला धरून नाही, म्हणून अस्वलाने वरूनच एक वाक्य बोलायचं. ते अध्यक्षांनी स्वतः सांगितलं. “झाड सर्वांचे आहे, म्हणून त्याची काळजी मीच घेईन.”

मुंबईबद्दल त्या दिवसांत हेच वाक्य दिल्लीपासून नळावरच्या रांगेपर्यंत सगळ्यांच्या तोंडी होतं. मुंबई सर्वांची आहे, म्हणून ती तुमची नाही. अध्यक्षांना ते आठवलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना ते फक्त भारदस्त वाटलं.

बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. दादा कामाचा हिशोब करत होते, किती तावांवर चड्ड्या, किती तावांवर धोतर. डिलाईल रोडवाला मला जरा बाजूला घेऊन म्हणाला, “तुमच्या लक्षात आलं ना?”

“काय?”

“अस्वल कोण झालं ते. गोळीबार झाला तेव्हा मुख्यमंत्री कोण होते, आठवा.”

मला एक घोट रस घेईपर्यंत कळलं नव्हतं. कळलं तेव्हा तो नाकातून बाहेर आला.

“दादांना सांगायला हवं,” मी म्हटलं.

“आपण कोण सांगणार? हुकूम वरून आलाय. संस्कारांचा प्रश्न आहे.”

मग माझी चड्ड्यांची नोकरी सुरू झाली. जुने ताव कपाटात होतेच, त्यांवरच करडी चड्डी रंगवायची. फार कठीण काम. चड्डी एका तावावर केसभर वर गेली आणि पुढच्यावर केसभर खाली आली, की पडद्यावर ती सुटायला आल्यासारखी दिसते. आधी माकडांकडे कोणी तसल्या नजरेने बघितलंही नसतं. आता नजर दुसरीकडे जाणंच शक्य नव्हतं. नवी दृश्यं दादांनी भराभर काढून दिली. झोपलेली माकडं सगळ्यांत सोपी, कारण त्यांत काही हलत नाही. एकच चित्र काढायचं आणि बराच वेळ कॅमेऱ्यासमोर ठेवायचं. मी ते एका सकाळी गाणं गुणगुणत उरकलं.

पहिला खेळ लालबागला एका हॉलमध्ये झाला. मुलांबरोबर आया आल्या, पहिल्या पाळीवरून सुटलेले बाप आले, मागे उभे राहायला जागा नव्हती. अध्यक्ष अहिंसेवर बोलले. फार बोलले. एका बाकावरची मुलं तेवढ्यात एकमेकांना चिमटे काढू लागली. मग दिवे मालवले आणि माकडांनी चड्ड्या सावरत झाडावर उड्या मारल्या. हॉल खुशीत आला. माकडिणीने बोंडलं काढलं तेव्हा बायका हसल्या.

मग उजवीकडून अस्वल आलं. लांब कोट, धोतर, हातात काठी, डोक्यावर टोपी.

मग मागून एका बाईचा खणखणीत मालवणी आवाज आला, “अगो बाय माजे! हो हंयसर खंय इलो?”

हॉल फुटला. माणसं बाकांवर थापा मारत हसत होती, शेजाऱ्याला कोपरं मारून दाखवत होती. दादा माझ्या बाजूला बसले होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “बघ, बघ, हसतायत!” ते म्हणाले. आयुष्यभर त्यांनी या आवाजाची वाट पाहिली होती. अध्यक्षही पहिल्या रांगेत मागे वळून मान डोलावत होते. त्यांना वाटलं, संस्कार पोचतायत.

अस्वलाने काठी उगारली. पडद्यावर झाड आलं. पुन्हा खाली आलो, तर माकडं जमिनीवर पडलेली होती, डोळे मिटून, अस्ताव्यस्त. काठी लागलेली कोणी पाहिली नव्हती.

हसणं बंद झालं. असं बंद झालं की प्रोजेक्टरची टरटर ऐकू यायला लागली. दादांच्या हिशोबाने ते चित्र तीन-चार श्वास टिकायला हवं होतं. मला ते संपता संपेना. माझ्या पुढच्या रांगेतली एक म्हातारी हळूच उठली, पदर तोंडात धरला आणि लोकांच्या पायांतून वाट काढत बाहेर गेली. कोणी तिला खाली बसा म्हटलं नाही. मी गाणं म्हणत रंगवलेलं ते चित्र होतं. दादांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “हे काय काढलं गं आपण?”

माकडं उठून हात जोडून ओळीने बसली, तेव्हा लोकांना ती सत्याग्रही आहेत हे समजावून सांगावं लागलं नाही. आणि अस्वलाने वरून जाहीर केलं, “झाड सर्वांचे आहे, म्हणून त्याची काळजी मीच घेईन.” पुढचं काही ऐकू आलं नाही. “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!” पोरं बाकांवर चढली, बापांनी त्यांना खांद्यावर घेतलं. अध्यक्ष उभे राहून “बंद करा, बंद करा” म्हणत हात हलवत होते. मागच्यांना वाटलं तेही घोषणा देतायत. कोणीतरी त्यांना उचललं सुद्धा.

दुसऱ्या दिवशी ठाकूरद्वारला बोलावणं आलं.

“तुम्ही आम्हाला फसवलंत!” अध्यक्ष म्हणाले.

दादांचा आवाज नेहमीसारखाच सौम्य होता. “सर, माझं अस्वल उघडंच होतं. टोपी तुम्ही घातलीत.”

“मी फक्त डोकं उघडं नको म्हटलं होतं,” बाई म्हणाल्या. “टोपी म्हटलंच नव्हतं.”

गृहस्थ एकमेकांकडे बघू लागले. त्या दिवशी खुंट्या रिकाम्या होत्या. टोप्या सगळ्यांनी डोक्यावरच ठेवल्या होत्या, आणि आता त्या काढाव्यात की राहू द्याव्यात हे कोणालाच ठरवता येत नव्हतं.

नवी फिल्म काढायला वेळ नव्हता, दादरचा खेळ आधीच जाहीर झाला होता. तेव्हा मंडळाने हुकूम काढला की तयार फिल्मवरच, चित्राचित्रावर, अस्वलाच्या टोपीवर काळी शाई लावा. नखाएवढं चित्र, त्यात तिळाएवढी टोपी. मी भिंग आणि बारीक ब्रश घेऊन बसले. माणसाच्या हाताने तो ठिपका दर चित्रात त्याच जागी पडणं शक्य नव्हतं. दादरला पडद्यावर अस्वल आलं तेव्हा त्याच्या डोक्यावर एक काळा गोळा थयथयाट करत होता. डावीकडे, उजवीकडे, नाकावर, परत वर. पहिल्या रांगेतल्या मुलाने मोठ्याने विचारलं, “आई, ते डोक्यावर काय लपवलंय?” आणि त्याच्या आईने, वडिलांनी आणि हॉलमधल्या बाकीच्या सगळ्यांनी त्याला एका सुरात उत्तर दिलं. लालबागला निदान काहींना टोपी दिसली नसेल. दादरला ती न दिसलेला माणूस नव्हता.

त्यानंतर मंडळाने फिल्म कपाटात टाकली आणि दादांना दिलेली पुढची कामं काढून घेतली. दादांनी केसांच्या तेलाच्या जाहिराती घेतल्या. त्यांत केस वाढताना दाखवायचे असत. टेंगूळ वाढवण्याचा अनुभव तिथे उपयोगी पडला. डिलाईल रोडवाला चळवळीचे फलक रंगवायला जाऊ लागला, आणि जाता-येता आम्ही एकाच ट्रामने जाऊ लागलो. अहो-जाहो कुठल्या स्टॉपवर गळून पडलं ते आठवत नाही.

ते मंडळातल्या बाईंना दिसलं. एका रविवारी त्या आमच्या फणसवाडीच्या घरी आल्या, चहा घेतला, आणि पदर सावरून वडिलांना म्हणाल्या, “मुलगी कोणाबरोबर फिरते ते तुम्हाला माहीत असावं म्हणून आले. डिलाईल रोडचा आहे. म्हणजे कोण ते तुम्ही समजून घ्या.” नागडं माकड त्यांना सोसलं नव्हतं, पण हे त्याहूनही सोसण्यापलीकडचं होतं, आणि याला चड्डी घालूनही भागणार नव्हतं.

माझे वडील संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आलेले. गळ्यात हार घालून वाडीने त्यांना मिरवत आणलं होतं. बाई गेल्यावर त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, “हो, आम्ही लग्न करणार आहोत.”

त्यांनी बाईंची कपबशी उचलून आत नेऊन ठेवली. मग म्हणाले, “अगं, संयुक्त म्हणजे इतकं संयुक्त नव्हे.”

आम्ही रजिस्टर लग्न केलं. साक्षीदार म्हणून दादा आले आणि खालचा गिरणीवाला आला, कपड्यांवरचं पीठ झटकत. वडील आले नाहीत. पुढे मुलगा झाल्यावर ते एकदा आले, मुलाला मांडीवर घेऊन बसले, आणि जाताना जावयाकडे न बघता म्हणाले, “सीनरी काढता म्हणे. आमच्या बाहेरच्या खोलीत एक भिंत मोकळी आहे.” नवऱ्याने त्यांना कोकणातली खाडी काढून दिली. ती वडिलांच्या डोक्यावर टांगलेली असे. येणाऱ्याला ते सांगत, चित्रकार आपल्यातलाच आहे. आपल्यातला म्हणजे कोणातला, ते सांगत नसत.

मुंबईसह महाराष्ट्राचं राज्य झालं तेव्हा गिरगावात रात्रंदिवस दिवे होते, पेढे होते. मंडळानेही सभा घेतली आणि आम्हा तिघांना आग्रहाने बोलावलं. अध्यक्ष भाषणात म्हणाले की त्या काळ्या दिवसांत, लेखण्या थिजल्या असताना, आमच्या मंडळाने एका बोधपटाद्वारे अन्यायाविरुद्ध आवाज उठवला होता. टाळ्या पडल्या. दादा माझ्याकडे बघत राहिले. त्यांना खरंच वाटलं की दुसऱ्या कोणत्यातरी फिल्मबद्दल चाललंय.

भाषण संपल्यावर अध्यक्षांनी दादांना बाजूला घेतलं. “ती शाई पुसता येईल का? टोपी ठळक दिसली पाहिजे. आज संध्याकाळीच दाखवू. पाहुणे येणार आहेत.”

“नेगेटिव्हवर शाई नाहीच, सर,” दादा म्हणाले. “त्याचीच एक चांगली कॉपी माझ्याकडे आहे.” ते टॅक्सी करून दादरला गेले आणि डबा छातीशी धरून परत आले. तोवर पाहुणे आले होते. नव्या सरकारातले एक मंत्री. लांब कोट, धोतर, हातात काठी, डोक्यावर टोपी.

अध्यक्षांनी मंत्र्यांकडे पाहिलं. मग डब्याकडे पाहिलं. मग बाईंकडे. बाईंनी डोळ्यांपुढे पदर घेतला.

अखेर डबा टेबलावर मांडला गेला. त्याला हळदीकुंकू लावून हार घातला, मंत्र्यांच्या हस्ते नारळ वाढवला, आणि फिल्म न दाखवता फिल्मचा गौरव झाला. माझ्या नवऱ्याला सभेत हसू आवरेना, म्हणून आम्ही लवकर निघालो.

मुंबईत टीव्ही आल्यावर काही वर्षांनी मुलांच्या कार्यक्रमासाठी कोणीतरी जुनी देशी कार्टून शोधत आलं. दादा तोवर सत्तरीच्या घरात होते. एका तरुण, अत्यंत विनयशील साहेबांनी फिल्म बघून तिचं कौतुक केलं आणि थोडीशी कात्री सुचवली. काठी उगारलेली आता चालत नव्हती. झोपलेली माकडं लहान मुलांना घाबरवतील. बोंडलं आरोग्याच्या दृष्टीने योग्य नाही. हात जोडून बसलेला जमाव दिसला की उगाच प्रश्न निघतात. टोपीबद्दल साहेब काही बोलले नाहीत, फक्त अस्वल गळ्याखालीच दाखवू असं म्हणाले. चड्ड्या मात्र त्यांना आवडल्या.

आमच्या घरी टीव्ही होता. दादा इस्त्रीचा सदरा घालून आले, नवऱ्याने त्यांना पुढची खुर्ची दिली. निवेदिका गोड हसली. पडद्यावर फणसाचं झाड आलं, एक माकड या फांदीवरून त्या फांदीवर गेलं, धोतरातले दोन पाय उजवीकडून डावीकडे गेले, आणि समाप्त.

“संपली?” मी विचारलं.

“उडी चांगली जमली होती,” दादा म्हणाले. “शेपटी बघितलीत ना? उशिरा येते मागून. तसं यायला हवं.”

नवरा म्हणाला, “झाड जसंच्या तसं ठेवलंय माझं.”

पुढे शेतीचा कार्यक्रम लागला. एक माणूस भातावरच्या तुडतुड्यांवर कोणती फवारणी करावी ते सांगत होता. आम्ही तिघांनी तो शेवटपर्यंत बघितला.